जे व्हायचं ते होऊन गेलं

"नव्या दीर्घिका अजून तयार होतात का हो?"

तारांगणाचा खेळ संपून दिवे अर्धवट लागले होते. मागच्या रांगेतल्या एका वयस्क माणसाने भीत भीत विचारलं. निवेदकाने तिकडे पाहिलं. त्या माणसाशेजारी ठेवणीतले कपडे घालून ताई बसली होती, आणि तिचा हात त्याच्या हातात होता. अलीकडे तिच्या बोलण्यात येता-जाता डोकावणारा औषधांच्या दुकानातला विधुर तो हाच, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सकाळी ती एवढंच म्हणाली होती, की आज तुझा खेळ बघायला येते, एकांना घेऊन.

आता ही ताई म्हणजे कोण? आईवडील पाठोपाठ गेल्यावर जिने इस्पितळात रात्रपाळ्या ओढून या एकुलत्या भावाला वाढवलं आणि स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही, ती. भाऊ चाळिशी उलटून गेला तरी आयतोबासारखा तिच्याच हातचं जेवत होता. ती गेली तर आपलं कसं व्हायचं, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि जिभेला काय, हाड थोडंच असतं!

"दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे अफाट गोतावळे, काका," तो माइकवरून म्हणाला. "त्यांचे संसार केव्हाच थाटून झाले. आता या वयात कसले नवे संसार? जे व्हायचं ते होऊन गेलं."

सगळे खो खो हसले. ताईने हळूच हात सोडवून घेतला.

उत्तर खोटं होतं. बहुतेक दीर्घिका फार पूर्वीच जन्मल्या हे खरं. पण दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की बाहेर फेकल्या गेलेल्या वायूतून आजही एखादी लहानशी दीर्घिका आकार घेते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने चारचौघांत एका भल्या माणसाचा पाणउतारा केला होता. दिवसभर त्याला स्वतःची लाज वाटत राहिली. पुढच्या खेळात कुणी न विचारताच त्याने खरं काय ते सांगून टाकलं, पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातलीच गत.

संध्याकाळी घरी आला तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. तो दारातच थांबला.

"ताई, चुकलो मी. बनतात गं, अजून बनतात."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात जेवताना तूच नाही का सांगितलंस? घास हातात तसाच धरून. मीच त्यांना म्हटलं, हे विचारा. हे सांगताना आमचा बाळ्या खुलतो. तेवढीच तुमची ओळख होईल."

त्याला मान वर करवेना. ते काय म्हणाले, असं त्याने कसंबसं विचारलं.

"काही नाही. भावाचा आवाज चांगला आहे म्हणाले, आणि गेले."

मग तिने त्याचं ताट वाढून समोर ठेवलं, आणि रोजच्यासारखी, तो पहिला घास कधी घेतो याची वाट बघत बसली.