खालचा कोपरा सोडून

एक बादली, राखेने घासून लख्ख केलेली.

कुंपणापलीकडे पत्र्याची शेड. दाराला कुलूप.

बाजारात एक बाई कोबी उचलते, वास घेते, परत ढिगावर ठेवते.

"माती हुंगून कळतं होय ग तुला?"
"हुंगून नाही, आत्या. मशीनमधून."

बुटांचे ठसे, पण सरळ रेषेत नाहीत. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे.

शेताची तपासणी अशीच करतात. नागमोडी चालायचं, जागोजागची माती उकरायची, एका भांड्यात कालवायची. मग ढीग करून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकून द्यायचे. उरलेल्याचे पुन्हा चार. शेवटी ओंजळभर माती राहते, आणि तिने सगळ्या शेताच्या वतीने बोलायचं असतं.

शेत आत्याचं. मशीन भाचीच्या प्रयोगशाळेचं. शेडमध्ये पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत. शेड बंद पडली आणि लोकांची तोंडं सुरू झाली: तिथली भाजी घेऊ नका, मुरलंय जमिनीत. आत्याची गिऱ्हाइकं एकेक करून गळायला लागली. तेव्हा तिने स्वतःच प्रयोगशाळेला फोन केला. "एकदाचा सोक्षमोक्ष लावा," ती म्हणाली. "शेत खराब निघालं तर पडीक टाकीन. पण लोकांच्या कुजबुजीने मरणं नको."

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी भाचीला बोलावून सांगितलं, "नात्यातलं काम आहे. दुप्पट कडक हो."

भाची कडक झाली. शेडला लागून असलेल्या खालच्या कोपऱ्याची माती वेगळी ठेवायची, वरच्या शेतात मिसळायची नाही, हे तिने आधीच ठरवलं. वरची माती तिने गोळा केली, आत्याच्या पुढ्यात ठेवली, आपला प्लास्टिकचा टब दिला, म्हणाली, "ह्यात कालव," आणि माती काढायचं गिरमिट घेऊन कोपऱ्याकडे गेली. तिथली माती तिने जागेवरच पिशवीत भरली.

टबाच्या काठाला तडा होता. आत्याने तो बघितला. माहेरची पोर कामाला आलीय आणि माझ्या शेताची माती फुटक्या टबात? तिने घरातून नवी जस्ताची बादली आणली, राखेने घासली, धुतली, पुसली. मग खुरप्याने माती कालवली, कडा खरवडून खरवडून, कण वाया जाऊ नये म्हणून.

भाची परतली तेव्हा माती कागदावर नीट पसरलेली होती. बादली धुऊन ओसरीवर उलटी.

मशीन म्हणालं:
कोपरा: शिसं जास्त. जस्त नेहमीएवढं.
वरचं शेत: शिसं नेहमीएवढं. जस्त फार जास्त.

"म्हणजे इकडूनही बिघडलंय, तिकडूनही," प्रमुख म्हणाले. "सगळं शेत बंद ठेवायला सांग."

"सर, बॅटरीवाल्याकडे एवढं जस्त आलं कुठून? आणि आलंच असेल तर कोपरा ओलांडून वर कसं गेलं? उडी मारून?"

प्रमुखांनी चष्मा काढला. "जा. विचारून ये."

स्वयंपाकघरात आतोबा चहा पीत होते. भाचीने टबाबद्दल विचारलं आणि आत्याने अभिमानाने बादली दाखवली. आतल्या बाजूला खुरप्याचे ओरखडे चमकत होते.

"आत्या, हे खरवडलेलं जस्त मातीत गेलं."

"अरे देवा," आतोबा म्हणाले. "पाहुणचार नडला."

"तुम्ही गप्प बसा हो." आत्या खाली बसली. मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे माझी जमीन चांगली आहे. बादलीनेच घात केला. मग ते शिसंही बादलीचंच."

भाचीला हो म्हणता आलं असतं. समोर आत्या होती, जिने तिला पाळण्यापासून पाहिलं होतं.

"कोपऱ्याची माती बादलीत गेलीच नाही, आत्या. मी ती थेट पिशवीत भरली. म्हणूनच तर बादलीचा घोळ कळला."

आत्याने बादली हातात घेतली, फिरवली, ठेवून दिली. आतोबांनी रिकाम्या कपातून एक घोट घेतला.

"पुन्हा घे माती," आत्या म्हणाली. "सगळीकडची. तुझ्याच हाताने कालव, मी शिवणारही नाही. आणि कोपरा वाईट निघाला तर वाईट लिही. बाकीचं चांगलं निघालं तर तेही त्याच अक्षरात लिही, बारीक नको."

भाचीने नवा टब आणला. आत्या ओसरीवर हात मांडीत धरून बसली, जणू कोणी ते बांधून ठेवले होते. वरचं शेत स्वच्छ निघालं. कोपऱ्यात शिसं होतं ते होतंच.

आत्याने कोपऱ्याला तारेचं कुंपण घातलं. मग फळी रंगवली आणि बाजारात कोबीच्या ढिगामागे उभी केली: *आमच्या खालच्या कोपऱ्यात शिसं आहे. तिथे काही पिकवत नाही. बाकीचं शेत तपासलेलं आहे.*

"स्वतःची घाण चव्हाट्यावर मांडतेस?" आतोबा म्हणाले.

"बोभाटा कुठे झाला? चव्हाट्यावर. मग उत्तर काय माजघरात देऊ?"

वास घेणारी बाई आली. तिने फळी वाचली, परत वाचली.

"कोणी तपासलं?"

"माझ्या भाचीने."

"घरचीच म्हणायची."

"घरचीच," आत्या म्हणाली. ताठ उभी होती. "तो कोपरा तिनेच पकडला. माझी भीड ठेवली नाही पोरीने."

बाईने कोबी उचलला. या वेळी नाकाजवळ नेला नाही, थेट पिशवीत टाकला.

फळीवर एवढंच लिहिलेलं नव्हतं: शेडमध्ये फोडलेली पहिली बॅटरी आतोबांच्या ट्रॅक्टरची होती.