चार इंचांची उंची

मित्रांनो, मी काही जुनीपुराणी वस्तू नाही. दोनच पावसाळे पाहिलेली पांढरी पिकअप गाडी आहे मी. सध्या गोंदियाच्या एका सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी आहे. उभं राहणं मला जमत नाही. समोरून एखादी गाडी गेली, की माझा जीव तिच्या मागे धावतो.

नवेगाव बांधच्या ओमेशने मला नवी कोरी घरी आणलं. तो आणि त्याची बायको रंजिता मत्स्यबीजाचा धंदा करतात. रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून गावोगावच्या बोड्यांवर, म्हणजे छोट्या तळ्यांवर पोचवायची. पिशवीतली हवा ठरावीक तासच पुरते. म्हणून मला थांबणं माहीतच नव्हतं. लोक म्हणत, "ओमेशची गाडी म्हंजे वारा!" मी सुखावून जात असे.

पण बोडीकडच्या वाटा म्हणजे चिखलाच्या चाकोऱ्या. मधला उंचवटा माझ्या पोटाला खरवडायचा. दोनदा मी अडकले. ओमेश चिडला आणि मला गुड्डू मेकॅनिककडे घेऊन गेला.

"चार इंच उठा देता हूँ, भाऊ. टेन्शन मत लो," गुड्डू म्हणाला.

"कंपनीले पुसाचं नाही काय?" रंजिताने विचारलं. "वारंटीच्या पुस्तकात काय लिवलं हाय, ते तर वाचा."

"पुस्तक वाचून गाडी चिखलातून निंगते काय?" ओमेश म्हणाला.

झालं. माझ्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे बसले, पुढची बाजूही उचलली गेली. गावातली पोरं टाळ्या वाजवू लागली. मीही ऐटीत चालले. खोटं कशाला सांगू, मला ती उंची आवडली होती.

पण आठवडाभरात पोटाखाली काहीतरी गुणगुणायला लागलं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब दांडा, त्याला शाफ्ट म्हणतात, तो आता वाकड्या कोनात फिरत होता. त्याचा सांधा रोज थोडा थोडा झिजत होता. मला ते कळत होतं, ओमेशला नाही. मी थरथरले, की तो गाण्याचा आवाज वाढवायचा. त्यातच इंजिन थंड ठेवणारा माझा पाण्याचा पंपही गळायला लागला होता.

श्रावणातल्या एका सकाळी ओमेश, रंजिता आणि मी चोरखमारा गावाकडे निघालो होतो. मागे चाळीस पिशव्या, त्यांत हजारो जीव. निम्मी वाट सरली आणि सांधा तुटला. शाफ्टचं टोक रस्त्यावर आपटलं. मी जागीच थांबले. ओमेश खाली वाकला आणि तसाच बसून राहिला.

दुसरी गाडी यायला चार तास लागणार होते. पिशव्यांत हवा उरली होती दोन तासांची. रंजिताने चोरखमाऱ्याच्या यादोरावांना फोन लावला. त्यांच्या बोडीसाठीच ती पिल्लं होती.

"काका, तुमच्यापर्यंत जित्ती पोचत नाहीत जी."

"मंग माह्याकडे कायले पाहून राहिली?" म्हातारा ओरडला. "जवळ पानी असन तिथं सोड. जीव हाय तो!"

रस्त्यालगतच्या गावचं तळं हाकेच्या अंतरावर होतं. गावची माणसं धावून आली. पिशव्या डोक्यावरून नेल्या. रंजिताने त्या आधी पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतल्या-बाहेरच्या पाण्याचा गारवा सारखा होऊ दिला, मग एकेक तोंड सोडलं. रस्त्यावरून मला एवढंच दिसलं, की पाणी बारीक चमकत होतं.

मला ओढून आणताना गुड्डूही आला. तो ओमेशच्या कानाशी लागला, "ठोकळे काढून देतो. कंपनीवाल्याले कोन सांगते?"

ओमेश खाली वाकला. त्याचा हात ठोकळ्यावर गेलासुद्धा.

"हात नका लावू जी," रंजिता म्हणाली. "खोटं बोललो, तर आपलं खरंही कोनी मानणार नाही."

ओमेशने हात मागे घेतला.

सर्व्हिस सेंटरमधल्या राजदीपने खाली वाकून पाहिलं. "भाऊ, गाडी उचलली ना? वॉरंटी गेली मग."

"होय, मीच उचलली," ओमेश म्हणाला. "माही चूक हाय."

रंजिताने मात्र पुस्तक उघडलं. रात्री वाचून तिने पान दुमडून ठेवलं होतं. "शाफ्ट उंचीनं गेला, कबूल. तो आमच्या खर्चानं. पर पाण्याचा पंप महिनाभर गळून राहिला. त्याचा न् उंचीचा काय संबंध, ते लिहून द्या. ज्या बदलानं बिघाड झाला, तेवढ्याचीच वारंटी जाते, असं इथं छापलं हाय."

राजदीपने पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्वतः माझं बोनेट उघडून पंप तपासला आणि वरच्या साहेबांशी बोलून आला.

"पंप वॉरंटीत, वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही खरं सांगितलं म्हणून सोपं झालं."

आता माझा पंप नवा आहे, ठोकळे निघाले आहेत, आणि शाफ्ट नागपूरहून यायचा आहे. तोवर ओमेश भाड्याच्या गाडीने पिल्लं पोचवतो आहे. पहिली खेप त्याने यादोरावांच्या बोडीवर टाकली. जाता जाता तो आत डोकावला. माझ्या बोनेटवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "आधी कंपनीले पुसाले पाहिजे होतं वं."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही थरथरतो, गुणगुणतो, गळतो. तेवढंच आमचं बोलणं. ते ऐका. आणि आम्हाला बदलायचं असेल, तर आधी बनवणाऱ्याला विचारा.

फाटकातून एक मालवाहू गाडी आत वळते आहे. बघा बरं, तिच्यात माझा शाफ्ट आला का?