भीमराजचा नकार

"काकाजी आता मस्त दिसून राह्यले," शेजारची दीपमाला खिरीचा डबा ठेवत म्हणाली. "पुढच्या पुनवेले पायानं येतीन पाहा विहारात."

"येतीनच," इंदूबाई म्हणाली. "आज सकाळीच पायाचा अंगठा हालला."

अंगठा हलला नव्हता. खाटेवरच्या भीमराजला ते ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, इंदूबाईला, ठाऊक होतं, आणि दीपमालालाही असावं, कारण अंगठ्याकडे न बघताच ती हसून निघून गेली.

लकव्याने भीमराजची उजवी बाजू गेली तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनात चांगले विचार ठेवा, पेशंटसमोर वाईट बोलू नका. गोळी द्यायला इंदूबाई एखाद्या दिवशी विसरायची, पण हे पथ्य तिने कधी मोडलं नाही. घरात 'नाही' हा शब्दच बंद झाला. भेटायला येणाऱ्याला ती अंगणातच पढवून आत सोडायची. त्यांच्या मुलाने, राजदीपने, अपंगांसाठीच्या शिबिरातून चाकाची खुर्ची आणली, तर हिने त्यावर गोधड्यांची चळत रचून ठेवली. तिच्या वडिलांना अशीच खुर्ची आली होती आणि ते पुन्हा उभे राहिले नव्हते. भीमराज विहारात जाईल तो आपल्या पायांनीच, हेही तिनेच ठरवून टाकलं होतं.

बाईची माया खोटी नव्हती. पण मायेनेही दाराला कडी लागते, आणि ती बाहेरून लागली तर आतल्याने करायचं काय? भीमराज चिडायचा. मग कळायचं की चिडणंही वाईट विचारांतच मोडतं.

विहार चार घरं सोडून होतं. पूर्वी दर पौर्णिमेला भीमराज शिलाईचं दुकान लवकर बंद करून तिथे जायचा. वंदना तो सांगायचा आणि वस्ती त्याच्यामागून म्हणायची. आता तो खिडकीतून ऐकायचा. लकवा झाल्यापासून त्याने विहाराचं दारही पाहिलं नव्हतं.

आज बुद्धपौर्णिमा. भोंग्यावर कोणी तरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. इंदूबाई पांढरं लुगडं नेसून निघाली.

"तुमी आराम करा. मी जाऊन येते."

"राजदीप, त्या गोधड्या काढ," भीमराज म्हणाला.

राजदीप आईकडे बघत राहिला.

"कायले?" इंदूबाई म्हणाली. "आता थोडेच दिवस राह्यले. तुमी चालसान."

"मी आता चालनार नाही, इंदू."



"असं नोका बोलू. डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"चालनार नाही मनलं. मरतो मनलं काय?"

"थे खुर्ची आली का मानूस उठत नाही. माह्या बापाचं पायलं मी."

"तुह्या बापाले खुर्चीत बसवून कोनं कुठं नेलं? अंगनात ठेवलं नुसतं." भीमराजला धाप लागली, पण तो थांबला नाही. "चालनं गेलं तं गेलं. मले विहारात जाचं हाये. जानं येगळं, चालनं येगळं."

"लोक काय मनतीन?"

"मनतीन, भीमराज आला."

इंदूबाई मटकन खाली बसली आणि रडली. नवऱ्यासमोर रडणं पथ्यात बसत नव्हतं, म्हणून इतके दिवस ती चुलीपाशीच रडून घ्यायची. आपला माणूस आता चालणार नाही, हे आज पहिल्यांदा तिच्या घरात मोठ्याने बोललं गेलं होतं. राजदीप तिला सावरायला पुढे झाला. तिने त्याला बाजूला केलं, पदराने तोंड पुसलं आणि स्वतः उठून गोधड्या उतरवल्या.

विहारात माणसं सरकून बसली. काही जण "जयभीम" म्हणाले. तब्येत सुधारली असं मात्र कोणी म्हणालं नाही, आणि भीमराजला त्याचं फार बरं वाटलं. माइक त्याच्यापुढे आला. सगळ्यांनी हात जोडले.

भीमराजचा डावा हात वर आला आणि मध्येच थांबला. उजवा मांडीवर पडून होता. एका हाताने वंदन कसं करायचं, ते त्याला कळेना. एवढं भांडून आलेला माणूस भरल्या विहारात अवघडून गेला.

बायकांच्या रांगेतून इंदूबाई उठली. खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच्या डाव्या तळव्याला तिने आपला तळवा लावला.

भीमराजने वंदना सुरू केली.