खुशालरावांचा कूलर आणि निखतचा कार्बन

तुम्ही खोटं म्हणाल, पण त्या मे महिन्यात तेल्हाऱ्यात ऊन असं होतं की माझी सावली दुपारी घराबाहेर यायला साफ नाही म्हणायची. मीच तिला ओढत गावातल्या खुशालरावांच्या जिनिंग कारखान्यापर्यंत नेली. भाचीचं काम होतं.

माझी भाची निखत अमरावतीच्या एका कॉलेजात शास्त्रज्ञ. कापूस वेचल्यावर उरते त्या पऱ्हाटीपासून तिनं भिजल्या साबुदाण्यासारखी जेल बनवली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती धरून ठेवायची. खोड एकच. वाळली की काम बंद. आणि लोकांची खोड त्याहून वाईट. हिवरखेडच्या सभेत निखतनं तासभर कार्बन समजावला, तर पहिल्या रांगेतले वामनराव म्हणाले, "समजलं बाई. मंग एकरी किती टाकाचं? पानी किती धरते?"

"पाणी नाही हो, कार्बन!" बोलून बोलून पोरीचा घसा बसला.

त्या दिवशी पुण्याहून अनुदान ठरवणारे एक सरकारी साहेब येणार होते. त्यांनी हो म्हटलं तर काम पुढे चालणार, नाही म्हटलं तर प्रयोगशाळेला कुलूप. उघड्या हवेत जेल चालते हे त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी खुशालरावांनी आपल्या बंद पडलेल्या जिनिंगचं ऑफिस दिलं. निखत जेलचं टोपलं ठेवून साहेबांना आणायला अकोल्याला गेली. परत आल्यावर साहेब आत जेवायला बसले, ती बाहेर सामान उतरवत राहिली. मग आत येऊन पाहते तर टोपलं रिकामं.

"खुशालकाका, जेल कुठंय?"

"कूलरात," खुशालराव म्हणाले. "कूलरचं गवत बकऱ्यायनं खाल्लं ना! पाव्हने पुन्याचे, त्यायले घामात बसवू का? तुहं ते पानी धरते म्हने, म्हून बाजूच्या जाळीच्या ताट्यायमंदी भरलं."

"काका!" निखत रडकुंडीला आली. "मामू, तुम्ही इथंच होता ना?"

"होतो ना बेटी. हवा मस्त येऊन राहिली होती."

तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या कार्बन मोजायच्या मीटरकडे गेली. बाहेर आकडा चारशेच्या आसपास. आत साडेतीनशे. मग तीनशे. कूलरचा पंप जेल वाळू देत नव्हता आणि पंखा बाहेरची हवा तिच्यातून ओढत होता. पाच वर्षं काचेच्या बरण्यांत जे जमलं नाही, ते बकऱ्यांच्या कृपेनं खिडकीत जमलं होतं. आकडा इतका उतरला की कोपऱ्यातलं कार्बन खाऊन जगणारं मनीप्लांट उपासानं माना टाकू लागलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"साहेब, मीटर पाहा!" निखत ओरडली.

पण साहेबांना खुशालरावांनी आधीच रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घातली होती. वर हा गारवा. साहेब खुर्चीतच घोरत होते. गावातले वीसेक जण भिंतीला टेकून बसले होते. त्या वर्षांत दारात सरकारी गाडी दिसली की लोक शेतकऱ्यांच्या मदतीचं पॅकेज आलं समजून जमायचे.

"उठवा त्यांना!"

"जेवल्या पाव्हन्याले उठवत नसतात बाई," खुशालरावांनी तिला दटावलं. "आपल्याकडची रीत हाय."

"रीत गेली चुलीत!" म्हणत निखतनं साहेबांचा खांदा हलवला. साहेबांनी डोळे उघडले, चष्मा शोधला, पुसला, नाकावर ठेवला, आणि लाइन गेली. लोडशेडिंग. कूलर थांबला. दारं-खिडक्या बंद, आत वीस माणसांचे श्वास. आकडा सरसर वर चढला. चारशे, सहाशे, नऊशे.

"मॅडम," साहेब म्हणाले, "हे तर वाढतंय."

"कूलर बंद आहे म्हणून, सर! लाइन येईपर्यंत थांबा."

"मला गाडी गाठायचीय. कार्बनचं काही दिसलं नाही, तसंच लिहावं लागेल." दारात मात्र ते वळले. "थंडावा छान होता हो. आमच्या घरच्या कूलरसाठी थोडी जेल मिळेल?"

खुशालरावांनीच ताटी उघडून त्यांना डबाभर दिली.

साहेबांच्या गाडीची धूळ बसायच्या आत लाइन आली. कूलर घरघरला, आकडा परत उतरू लागला. पाहायला आता आम्ही तिघंच. भिंतीशी बसलेले लोक पॅकेज नाही कळताच पांगले होते.

"पाहा काका, पाहा," निखत चिरक्या आवाजात म्हणाली. "तीनशे दहा."

खुशालराव वाकून बराच वेळ पाहत राहिले. "हो ना बाई. गारवा पन वाढला."

निखतनं ताडकन उठून कूलरचं बटन बंद केलं.

"काहून वं?" मी विचारलं. "जीव घेतं का इथं गरमीत?"

तिनं मनीप्लांटची कुंडी उचलली, दार लाथेनं उघडलं आणि कुंडी बाहेर हवेत नेऊन ठेवली. "एवढ्या खोलीत या झाडालाच कार्बन कळला मामू," ती म्हणाली. "याला तरी जगू द्या."