फोनची पहाट

विशाखाला लिनक्सचं लई वेड. अपडेट बंद करून कंपनीनं वाऱ्यावर सोडलेला वडिलांचा जुना फोन तिनं दुपारभर खपून कोरा केला आणि त्यात जुन्या प्रणालीच्या जागी लिनक्स चढवलं. फोन उजळला. पडद्यावर आलं: १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच.

"लिनक्सचं घड्याळ तिथूनच सुरू होतं, बाबा. वायफाय लावलं की येईल ताळ्यावर."

सर्जेराव बघतच राहिले. त्या साली ते सहा वर्षांचे, खुलताबादजवळच्या वस्तीवर गोधडीत गुरफटलेले. खिडकीतलं सिडको वसाहतीचं ऊन विरत गेलं, अंगावर गार काटा आला, दारापलीकडं बांगड्या किणकिणल्या.

"लावू का वायफाय?"

"थांब गं जरा," ते हळूच म्हणाले. "माय आत्ताच उठलीय. चूल तरी पेटू दे."