रंग गेलाय हिचा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, असे सांगायची मला सवय होती. आता 'आहे' म्हणावे की 'होते', ते तुम्हीच ठरवा. माझे इंजिन, दिवे आणि पुढची सीट दुसऱ्या एका गाडीत आहेत. उरलेली मी विस्कॉन्सिनमधल्या एका शेडमागे, गवतात, चार ठोकळ्यांवर उभी आहे. चाकेसुद्धा ठेवलेली नाहीत, म्हणजे पळून जायचीही सोय नाही.

माझा जन्म केनोशा गावात, मिशिगन सरोवराच्या काठी, त्रेसष्ट साली झाला. तेव्हा रस्त्यांवर होड्यांएवढ्या लांब गाड्या फिरायच्या. मी मात्र आटोपशीर. सहा सिलिंडर, चार दारे, फिकट हिरवा रंग आणि मिरवण्यासारखे काहीही नाही. अशा गाड्यांना तिकडे कॉम्पॅक्ट म्हणत. शाळेच्या बाई, परिचारिका, कारखान्यातले कामगार असे बेताने राहणारे लोक आम्हाला घेत. मला काझ विचोरेकने घेतले. तो माझ्याच कारखान्यात कामाला होता.

"दुसऱ्या कुणाची गाडी कशाला घेऊ? हिचं काही बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते मला नावानिशी ठाऊक आहे," असे तो बायकोला, डोलोरेसला म्हणाला होता.

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने बर्फ वितळतो, पण गाड्यांचे पत्रे खालून सडतात. माझ्या बरोबरीच्या गाड्यांची बघता बघता चाळण झाली. काझने मला थंडीत बाहेर काढणेच बंद केले आणि कामावर जायला एक खटारा ट्रक घेतला. एप्रिलमध्ये दोन-चार चांगल्या सरी पडल्या की तो रस्त्यावर उकिडवा बसायचा, डांबरावर बोट घासायचा आणि ते चक्क जिभेला लावायचा. शेजारी खिडक्यांतून हसायचे. "अळणी!" असे तो ओरडला की डोलोरेस डोक्याला रुमाल बांधून माझ्यात येऊन बसायची. मग आम्ही सरोवराकाठी जायचो. शुक्रवार असेल तर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, तळलेला मासा आणि बटाट्याची धिरडी खाऊन, तोंडे पुसत दोघे परत यायची. वर्षातली पहिली फेरी ही अशी. त्या फेरीसाठी मी अख्खा हिवाळा काढायचे.

पुढे कारखाना बंद पडला, आणि नंतर काझही गेला. डोलोरेसने मला विकले नाही. दर एप्रिलला ती एकटीच मला सरोवराकाठी नेई. माझा रंग टपावर विटला, दारांवर हाताच्या घासणीने पातळ झाला, पण तो कारखान्यात बसलेला पहिलाच रंग होता. त्यावर दुसरा हात कधी फिरला नव्हता. हे काही मोठे भाग्य आहे, असे मला तेव्हा वाटले नव्हते.

मग डोलोरेसची नजर अधू झाली. तिची मुलगी जेनीन म्हणाली, "आई, गाडी आता दे कुणाला तरी. गॅरेजमध्ये पडून कुजण्यापेक्षा बरं."

"देईन. पण चालवणाऱ्याला देईन," डोलोरेस म्हणाली.

आला तो लायल टेस्के. तासाभराच्या अंतरावर त्याची शेती होती. शेतीपेक्षा जुन्या गाड्याच जास्त पिकवायचा म्हणा ना. सप्टेंबरमध्ये तो आला, गुडघे टेकून माझ्याखाली शिरला, आणि पत्र्याला एकही भोक नाही हे पाहून त्याने हळूच शीळ घातली. मी ऐकली. मग दारावरच्या पातळ रंगावरून त्याने अंगठा फिरवला, तोही असा हळुवार, की मला काझची आठवण झाली. जुन्या गाड्यांच्या या शौकिनांत एक म्हण आहे, की गाडी मूळची एकदाच असते, ते मूळपण गेले की परत येत नाही. मूळच्या रंगाची, मिठाने न खाल्लेली गाडी त्यांच्या प्रदर्शनांत वेगळ्या रांगेत मानाने उभी करतात. टेस्केला मी तिथे उभी दिसत होते.

पण शौकिनांचा दुसराही एक नियम आहे. वस्तू आवडली तर तोंडावर दाखवायचे नाही. तो उठला, पँट झटकली, आणि चेहरा असा केला की जणू माझ्यात उंदीर मेला आहे.

"रंग गेलाय हिचा," तो म्हणाला. "पार गेलाय. त्यातून चार दारांची. चार दारांच्या गाडीला कोण विचारतं हो? लोकांना दोन दारांची लागते, टप उघडणारी."

"आमच्या यांनी फार जपलीय हो ती," डोलोरेस म्हणाली.

"दिसतंय ना. पण रंगाला काय करणार, बाई? बघतो, विचार करतो. महिन्याभरात सांगतो."

विचार कसला करतोय! भाव उतरावा म्हणून महिनाभर झुलवत ठेवायचे, एवढाच तो विचार. पण डोलोरेस आणि जेनीन या सरळ बायका. जाणकार माणूस रंग गेलाय म्हणाला, म्हणजे गेलाच असणार.

"एवढा रंगच खटकतोय ना त्याला? मग नवा रंग देऊन टाकू," जेनीन म्हणाली.

"काझला आवडलं असतं?" डोलोरेसने विचारले.

"आई, बाबांनी मला फाटक्या कोटात सासरी धाडलं असतं का?"

यावर डोलोरेस हसली. दुसऱ्या दिवशी मला एका रंगाऱ्याकडे नेले. त्याने मला यंत्राने खरवडले. साठ वर्षांचा हिरवा रंग भुकटी होऊन त्याच्या बुटांवर पडला, आणि माझ्यावर चकचकीत पोपटी रंग बसला. खिडक्यांच्या रबरावरही थोडा सांडला. डोलोरेस अगदी जवळ येऊन, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. "नवरी दिसतेय," ती म्हणाली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे तिला कुठून कळणार?

टेस्के परत आला तो गाडी न्यायच्या तयारीने, ट्रेलर घेऊन. दोघी त्याला मोठ्या हौसेने गॅरेजमध्ये घेऊन आल्या. दार वर गेले. टेस्केने मला पाहिले आणि तो खरोखर खाली बसला.

"काय केलंत हे?" एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

"तुम्हीच म्हणाला होतात ना!" जेनीन कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

त्या क्षणी त्याने खरे बोलायला हवे होते. 'चूक माझी, मी भाव पाडायला खोटे बोललो,' असे म्हणून निघून जायला हवे होते. पण तो उठला आणि माझ्याभोवती एक चक्कर मारून आला. मग त्याने हिशेब बदलला. त्याच्याकडे माझ्याच जातीची एक गाडी होती, दोन दारांची, उघड्या टपाची, मिठाने अर्धी खाल्लेली. तिला सुटे भाग हवे होते.

"छान आहे. नेतो मी," तो म्हणाला.

"चालवाल ना पण? आणि दर वसंतात, रस्ते धुतले गेले की, मला एक फेरी मारून आणाल? सरोवरापर्यंतच," डोलोरेस म्हणाली.

"जपेन हो, बाई. अगदी काळजी करू नका."

त्याने डोलोरेसचा हात हातात घेऊन सांगितले. केसाने गळा कापतात तो असा.

हिवाळाभर त्याने माझा एकेक भाग सुटा केला. इंजिन काढले, सीट काढली, चेहऱ्याची चंदेरी जाळी काढली. काम मात्र नजाकतीने करायचा, तेवढे मी नाकारत नाही. प्रत्येक भाग पुसून, फडक्यात गुंडाळून तो फळीवर ठेवी. चार दारे त्याच्या कामाची नव्हती, ती माझ्यापाशी राहिली. मग मला ढकलत शेडमागे आणले.

एप्रिल आला. सरी पडल्या. डोलोरेसने त्याला फोन केले. तो कधी सर्दी झाली म्हणाला, कधी पेरणी. अखेर एका रविवारी जेनीन तिला घेऊन थेट शेतावर आली. डोलोरेसने डोक्याला रुमाल बांधला होता.

शेडच्या दारात ती उघड्या टपाची गाडी लाल रंगात झळकत होती. डोलोरेसला नीट दिसत नव्हते, म्हणून ती हाताने चाचपत गेली. दिवा चाचपला, जाळी चाचपली, सीटवर हात फिरवला आणि थबकली. "ही सीट माझी आहे," ती म्हणाली. "बाकीची कुठाय?"

टेस्केने तिला माझ्याकडे आणले. दुसरे करणार काय!

"तुम्ही जपेन म्हणाला होतात," ती म्हणाली.

"जपलंच की, बाई. एक स्क्रू वाया घालवला नाही."

"मी गाडी दिली होती. स्क्रू नव्हते दिले."

तो चिडला. चोर सापडला की चिडतोच. "खरं सांगू? तुम्ही तो रंग दिला नसता ना, तर मी हिला बोट लावलं नसतं. पहिलाच रंग होता, बाई! त्यासाठीच घेत होतो मी. तुम्हीच मारलीत ती गाडी."

"पण तुम्हीच म्हणालात, रंग गेलाय."

"भाव करताना म्हणतात तसं. सगळेच म्हणतात."

जेनीन त्याला वाट्टेल ते बोलली. त्या रात्री तो जेवून झोपलाही असेल. डोलोरेसचे तिकडे लक्षच नव्हते. ती गवतातून माझ्यापाशी आली. माझ्या पोपटी दारावर तिने कपाळ टेकले.

"माझ्याच हातानं झालं गं," ती म्हणाली. "मी खरवडलं तुला."

नाही गं बाई, तुझा काही दोष नाही, एवढे मला तिला सांगायचे होते. पण माझा हॉर्नसुद्धा त्याने काढून नेला होता. ती तशीच, स्वतःला दोष देत, मुलीच्या आधाराने निघून गेली. परत आली नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे तेल-पाण्याची मागणी नाही. ती वेळ गेली. एवढेच करा, कुणाची वस्तू तुम्हाला मनापासून आवडली तर ती आवडली असे सरळ सांगा. दोन पैसे जास्त जातील, जाऊ द्या. स्वस्तात मिळावी म्हणून तिला नावे ठेवू नका. समोरचे माणूस साधे असेल, तर ते तुमचे खरे मानते.