उलटी न केलेली प्लेट

ताईने प्रयोगशाळेतल्या उबवणीच्या कपाटातून प्लेट काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. जंतूंची पिवळसर साय, तिच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या, आणि प्रत्येक चकतीभोवती स्वच्छ मोकळं कडं. म्हणजे आईच्या जंतूंना सगळीच औषधं लागू. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आईला दवाखान्यात ठेवल्यापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. दात काढायच्या आधी सुई टोचलेल्या ओठासारखं.

तिने भावाला फोन लावला.

"सगळी औषधं चालताहेत."

"खरंच, ताई? थांब, आईला सांगतो!" त्याने फोन ठेवूनच दिला.

मोठ्या मॅडम हातमोजे चढवत आत आल्या.

"घरच्यांची प्लेट आपण वाचायची नाही, ठाऊक आहे ना? कान उपटायला हवेत तुझे. आण इकडे."

त्यांनी प्लेट उलटी केली. नाव, नंबर सगळं तळाशी लिहितात. कालचा शिकाऊसुद्धा आधी तळ बघतो. ताईचा तर हात आपोआप वळायचा. आजच तेवढा वळला नव्हता.

"अगं, ही तर आपली रोजची," मॅडम हळूच म्हणाल्या.

पेशंटांच्या जोडीला रोज एक प्लेट लावतात, मुद्दाम पाळलेल्या गरीब जंतूंची. चकत्या बिघडल्या नाहीत ना, एवढंच बघायला. ते बिचारे कुठल्याही औषधाने मरतात.

आईची प्लेट मागच्या फळीवर होती. साय या काठापासून त्या काठापर्यंत, चकत्यांना अगदी खेटून. कडं औषधालासुद्धा नाही. ताईने चष्मा पुसून पाहिलं. नाही ते नाहीच.

मॅडमनी लगेच वॉर्डातल्या डॉक्टरांना कळवलं.

"एकही लागू नाही. हो, पुन्हा लावतोय. पण त्याच्या भरवशावर राहू नका."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आई होती.

"काय गं, सगळी औषधं चालतात म्हणे! मी म्हटलंच होतं, माझं हाड चिवट आहे." तिला दम लागत होता, तरी हसत होती. "आनंदाने दोन घास जास्त गेले बघ. तू काही खाल्लंस का?"

ताईने प्लेट टेबलावर ठेवली.

"खाल्लं," ती म्हणाली. "तू अजून दोन घास खा, आई."

आणि इतक्या दिवसांनी तिला दुखायला लागलं.